लॉगिन नेमकं कुठे अडतं?

'गूगलने लॉगिन करा' हे बटण साइटवर बसवायला हल्ली अर्धा दिवस पुरतो. ग्रंथालयाची साइट असो, शिकवणीचं ॲप असो की दिवाळी अंकाची वर्गणी भरायचं पान असो, ते बटण सगळीकडे दिसतं. आणखी एक पासवर्ड लक्षात ठेवायला नको म्हणून लोकांनाही ते आवडतं. बंद पडलं की मात्र दोन-दोन दिवस खातं. त्यातला बराचसा वेळ कोड बदलून बघण्यात जातो आणि दोष बहुतेक वेळा कोडमध्ये नसतोच. तो कन्सोलवरच्या एखाद्या चौकटीत असतो, प्रॉक्सीच्या मांडणीत असतो, कुकीच्या एखाद्या गुणधर्मात असतो, नाहीतर मशीनच्या घड्याळात असतो.

बटण कसं बसवावं हे सांगणारे धडे ढिगाने आहेत. बंद पडल्यावर कुठून बघायला लागावं, हे सांगायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. ही पुस्तिका तेवढ्याच कामासाठी लिहिली आहे. डोळ्यांपुढे आहे तो पुण्या-नाशिकातला, सांगली-कोल्हापुरातला प्रोग्रामर, ज्याच्या गळ्यात दुसऱ्याने लिहिलेलं ॲप्लिकेशन पडलंय आणि ज्याच्या फोनवर सकाळी सकाळी 'लॉगिन होत नाहीये' एवढाच निरोप आलाय.

हा सगळा खटाटोप उभा का राहिला ते आधी सांगायला हवं, कारण आजच्या कितीतरी अडचणींची मुळं तिथे आहेत. २००६-०७ च्या सुमारास एखाद्या नव्या साइटला तुमचे ओळखीचे लोक शोधून द्यायचे असले, तर ती सरळ तुमच्या ईमेलचा पासवर्ड मागायची. लोक देतही असत. पासवर्ड दिला की पत्ते, पत्रं, सगळंच तिच्या हाती. यावर तोड काढायची चर्चा नोव्हेंबर २००६ मध्ये ट्विटरच्या ब्लेन कुक यांच्या कामातून सुरू झाली आणि २००७ च्या अखेरीस ओऑथ या मानकाची पहिली आवृत्ती आली. एप्रिल २००९ मध्ये तिच्यात भोक सापडलं. परवानगीची प्रक्रिया एकाने सुरू करायची, दुसऱ्याला भुलवून ती पुढे न्यायची आणि फळ पहिल्याने खायचं, असा तो प्रकार. जूनमध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ओऑथ २.० हे मानक आरएफसी ६७४९ म्हणून प्रसिद्ध झालं. त्याआधी जुलैतच त्याचे मुख्य संपादक एरन हॅमर यांनी वैतागून राजीनामा दिला होता आणि मसुद्यावरचं आपलं नाव काढून घेतलं होतं. हे मानक इतकं सैल झालंय की दोघांनी ते नीट पाळलं तरी त्यांचं एकमेकांशी जुळेलच असं नाही, हा त्यांच्या तक्रारीचा एक भाग होता. ती खरी ठरली. गूगल, ॲपल, फेसबुक आणि मायक्रोसॉफ्ट एकाच मानकाचं नाव घेतात आणि चौघांच्या खोडी चार तऱ्हांच्या आहेत.

त्यातून ओऑथ मुळात परवानगीसाठी होता. समोरचा माणूस कोण आहे, हे सांगणारा ओपनआयडी कनेक्टचा थर त्यावर फेब्रुवारी २०१४ मध्ये चढला. जुन्या ॲप्लिकेशनमध्ये नुसत्या ॲक्सेस टोकनवर लॉगिन देणारा कोड आजही सापडतो, तो त्या आधीच्या काळाची आठवण आहे.

प्रवास थोडक्यात असा. माणूस बटण दाबतो. तुमचं ॲप त्याला ब्राउझरमार्फत गूगलकडे पाठवतं. सोबत आपण कोण हे सांगणारा क्लायंट आयडी, परतीचा पत्ता म्हणजे रीडायरेक्ट यूआरआय, आणि 'स्टेट' नावाची एक यादृच्छिक खूण जाते. गूगल माणसाला ओळखतं, संमती घेतं आणि ब्राउझरलाच एक कोड देऊन परतीच्या पत्त्यावर धाडतं. कोड मिळाला म्हणजे लॉगिन झालं असं नव्हे. पूर्वी बँकेत पैसे काढायला गेलं की खिडकीवर पितळी बिल्ला हातात पडायचा, तसा हा बिल्ला आहे, थोड्या वेळापुरता आणि एकदाच चालणारा. तुमचा सर्व्हर तो घेऊन, ब्राउझरला मध्ये न घेता, थेट गूगलच्या सर्व्हरकडे जातो, आपलं सीक्रेट दाखवतो आणि बदल्यात टोकन घेतो. मग टोकन तपासायचं, माणूस आपल्या डेटाबेसमध्ये शोधायचा आणि सेशन उघडायचं. डिजिलॉकरचं लॉगिन बसवलं असेल, तरी वाट हीच.

म्हणजे जाताना, येताना, सर्व्हर-सर्व्हरच्या बोलण्यात आणि शेवटी आपल्याच घरच्या नोंदीत, अशा चार ठिकाणी हे अडू शकतं. अडलं की आधी ठिकाण ठरवा, कारण मागाहून. ते कोड न उघडताही ठरतं. ॲड्रेस बारकडे बघा. एररचं पान अजून गूगलच्या किंवा फेसबुकच्या पत्त्यावरच असेल, तर तुमच्या सर्व्हरला या प्रकरणाची अजून खबरही नाही. त्याचे लॉग चाळत बसू नका. पत्ता तुमचा आहे पण 'कोड'च्या जागी 'एरर' जोडून आलाय, तर पलीकडच्याने नकार दिलाय, किंवा माणसानेच 'रद्द करा' दाबलंय. पत्त्यात कोड दिसतोय आणि पान पाचशेचा आकडा दाखवतंय, तर आता सर्व्हरचा लॉग उघडायची वेळ झाली. एवढी शिस्त पाळली तरी निम्मं काम होतं. ज्यांनी ती पाळलेली नसते, ते लॉग गूगलचा मागतात आणि कन्सोल आपलं बघतात.

जातानाच्या वाटेवर सगळ्यात जास्त भेटतो तो 'रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच'. कन्सोलवर नोंदवलेला परतीचा पत्ता आणि ॲपने पाठवलेला पत्ता अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. शेवटची तिरकी रेघ एकीकडे आहे नि दुसरीकडे नाही, एकीकडे लोकलहोस्ट आणि दुसरीकडे १२७.०.०.१, पोर्ट वेगळा, एवढ्यानेही नकार येतो. हे बहुतेकांना माहीत असतं. तरीही लाइव्हला गेल्यावर तो येतोच, कारण पत्ता माणसाने लिहिलेला नसतो, लायब्ररीने तयार केलेला असतो. बाहेर एनजिनएक्स एचटीटीपीएस सांभाळतो आणि आतल्या ॲपशी साध्या एचटीटीपीवर बोलतो. आतल्या लायब्ररीला वाटतं आपण एचटीटीपीवरच आहोत, आणि ती परतीचा पत्ताही तसाच बांधते. प्रॉक्सीने 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हा हेडर पाठवायचा आणि ॲपने फक्त आपल्याच प्रॉक्सीकडून आलेला तो हेडर मानायचा, हा त्यावरचा उपाय. कन्सोलवर एचटीटीपीचा पत्ता नोंदवून बघणारेही असतात. लोकलहोस्ट सोडून गूगल तो घेतच नाही, आणि फेसबुकनेही ऑक्टोबर २०१८ पासून एचटीटीपीएसची सक्ती केलेली आहे. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये काय लिहिलंय यावर विश्वास न ठेवता ॲड्रेस बारमध्ये प्रत्यक्ष काय गेलं ते कॉपी करा, त्यातली टक्क्यांची चिन्हं उलगडा आणि कन्सोलशेजारी ठेवून वाचा.

याच वाटेवरची दुसरी तक्रार खास मोबाइलवरची. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या ॲपमध्ये आलेली लिंक तिथल्या तिथे, ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. अशा ब्राउझरमधून होणारं लॉगिन गूगलने २०१७ पासून बंद केलंय, कारण पोटात ब्राउझर ठेवणाऱ्या ॲपला टाइप होणारा पासवर्ड वाचता येतो. 'डिसअलाउड युजर एजंट' असा एरर येतो आणि तुमच्या बाजूने कोडमध्ये करण्यासारखं काही नसतं. 'ही लिंक क्रोममध्ये किंवा सफारीत उघडा' अशी ओळ मात्र तुम्ही दाखवू शकता, मराठीत.

येतानाचा टप्पा अधिक फसवा, कारण इथला दोष येतो-जातो. ॲपलचं उदाहरण जरा जवळून बघू. 'साइन इन विथ ॲपल' जून २०१९ मध्ये जाहीर झालं. तुम्ही ॲपलकडे नाव किंवा ईमेल मागितलं, की उत्तर नेहमीसारखं पत्त्याला जोडून येत नाही. ॲपलच्या पानावरून तुमच्या पत्त्यावर एक फॉर्म पोस्ट होतो. ब्राउझरच्या लेखी ही परक्या साइटने केलेली पोस्ट विनंती. क्रोमची ८० क्रमांकाची आवृत्ती फेब्रुवारी २०२० मध्ये आली, तेव्हापासून ज्या कुकीवर 'सेमसाइट' हा गुणधर्म लिहिलेला नाही ती 'लॅक्स' धरायला क्रोमने सुरुवात केली, आणि लॅक्स कुकी परक्या पोस्टसोबत जात नाही. (मध्येच कोविड आला, तेव्हा महत्त्वाच्या साइट मोडू नयेत म्हणून हा बदल एप्रिलमध्ये थांबवून जुलैत पुन्हा लागू केला गेला. त्या वर्षीच्या लॉगमध्ये काही लॉगिन मध्येच सुधारलेली दिसली तर चमत्कार समजू नये.) तुमच्या स्टेटची खूण सेशनमध्ये, सेशनचा क्रमांक कुकीत, आणि कुकी तर आलीच नाही. सर्व्हर म्हणतो, 'स्टेट जुळत नाही'. जुळवायला त्याच्या हाती काही नसतंच.

इथवर सरळ आहे. पेच पुढे आहे. जुनी लॉगिन एकदम मोडू नयेत म्हणून क्रोमने एक सवलत ठेवली. गुणधर्म न लिहिलेली कुकी दोन मिनिटांच्या आतली असेल, तर ती पोस्टसोबतही जाऊ द्यायची. परिणाम असा की बोटाचा ठसा लावून झटकन पुढे जाणाऱ्याचं लॉगिन होतं, आणि आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या फोनवरचा सहा आकडी कोड बघायला उठलेल्याचं होत नाही. प्रोग्रामर स्वतः करून बघतो तेव्हा तो हमखास पहिल्या गटात असतो. 'माझ्याकडे तर चालतंय' हे त्याचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं असतं आणि तरीही तक्रार खोटी नसते. स्टेटपुरती एक वेगळी, अल्पायुषी कुकी ठेवावी आणि फक्त तिच्यावर 'सेमसाइट नन' आणि 'सिक्युअर' लिहावं. घाईत सबंध सेशनच्या कुकीवरच नन लावून मोकळे होणारे असतात. बाकीच्या फॉर्मना मिळत असलेलं संरक्षण त्याच झटक्यात जातं.

सर्व्हर-सर्व्हरच्या बोलण्यात राज्य चालतं ते 'इन्व्हॅलिड ग्रँट'चं. कोड चुकीचा, मुदत संपलेला, रद्द झालेला, दुसऱ्या क्लायंटला दिलेला, परतीचा पत्ता न जुळणारा, अशी सगळी कारणं मानकाने या एका नावाखाली कोंबली आहेत. कोडचं आयुष्य जास्तीत जास्त दहा मिनिटं असावं अशी शिफारस आहे, आणि तो दुसऱ्यांदा चालत नाही. म्हणून हा एरर आला की 'कोड दोनदा तर वापरला जात नाहीये ना' हे आधी बघावं. माणसाने पान रिफ्रेश केलं तरी तसं होतं. मार्च २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्ट १८ मध्ये तर स्ट्रिक्ट मोड चालू असताना, डेव्हलपमेंटमध्ये, प्रत्येक इफेक्ट मुद्दाम दोनदा चालवला जातो. पहिल्या फेरीत लॉगिन यशस्वी होतं, दुसरीत तोच कोड पुन्हा जातो नि नापास होतो, आणि पडद्यावर उरतो तो दुसरीचा निकाल.

कोणी काही बदललं नसताना बंद पडणारी लॉगिन हा वेगळा वर्ग आहे आणि त्याला मी मोठं प्रकरण दिलंय. गूगलच्या कन्सोलवर ॲप 'टेस्टिंग' अवस्थेत राहिलं असेल, तर नाव-ईमेल-प्रोफाइलपलीकडचं काही मागणाऱ्या ॲपचं रीफ्रेश टोकन सात दिवसांत मरतं. ॲपलचं क्लायंट सीक्रेट ही एक ओळ नसते. ते आपण आपल्या किल्लीने सही करून तयार करायचं टोकन असतं, आणि त्याला सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही. ते एकदा बनवून सेटिंगच्या फाइलमध्ये चिकटवलं, की सहा महिन्यांनी 'इन्व्हॅलिड क्लायंट' ठरलेलं. तोवर ते चिकटवणारा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

घड्याळाचा घोटाळा आपल्या भागात एका ठरावीक आकड्याने ओळखता येतो. तो आकडा आहे १९,८००. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे एवढे सेकंद. टोकनमधल्या वेळा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, जागतिक वेळेनुसार मोजतात. पायथनमध्ये 'यूटीसीनाऊ'ने घेतलेल्या वेळेला तिचा वेळपट्टा माहीत नसतो. तिच्यावर 'टाइमस्टॅम्प' चालवलं की ती स्थानिक वेळ समजली जाते. यूटीसीवर लावलेल्या सर्व्हरवर काही बिघडत नाही. पुण्यातल्या लॅपटॉपवर मात्र तासाभराच्या मुदतीचं टोकन जन्मतःच साडेचार तास आधी मेलेलं असतं. पायथन ३.१२ पासून यूटीसीनाऊ वापरू नका असं अधिकृतपणेच सांगितलंय, पण जुना कोड कोण बदलतो? टोकन बनवल्या बनवल्या उलगडून त्यातल्या 'काढल्याच्या' वेळेची आत्ताच्या वेळेशी वजाबाकी करा. उत्तर १९,८०० च्या आसपास घुटमळत असेल, तर गूगल-ॲपलला दोष देणं थांबवा.

चौथ्या टप्प्यावर पलीकडच्यांचा काही संबंध नसतो, तरी शिव्या त्यांनाच बसतात. फेसबुक खातं मोबाइल नंबरावर उघडलं असेल तर ईमेल येतच नाही, आणि आपल्याकडे अशी खाती भरपूर. डेटाबेसमध्ये ईमेलचा रकाना सक्तीचा ठेवलेला असला की पान कोसळतं. ॲपल माणसाचं नाव फक्त पहिल्या संमतीच्या वेळी देतं. त्याच वेळी तुमची नोंद फसली तर त्या माणसाने ॲपलच्या सेटिंगमधून तुमचं ॲप काढून पुन्हा जोडेपर्यंत ते नाव परत येत नाही.

ईमेलचाच आणखी एक सापळा आहे, आणि तो एररच्या रूपात दिसत नाही म्हणून जास्त वाईट. ईमेल जुळला की माणूस तोच, असं धरून खाती जोडणारी ॲप पुष्कळ आहेत. जून २०२३ मध्ये डिस्कोप या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की मायक्रोसॉफ्टच्या ॲझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला ईमेल आपल्या मनाने बदलता येतो, त्याची खातरजमा झालेली नसते, आणि त्यावर विसंबलेल्या ॲपमधली दुसऱ्यांची खाती त्यामुळे हाती येतात. ओळख ठेवायची ती 'सब' या न बदलणाऱ्या क्रमांकावर, तीही तो देणाऱ्याच्या नावासकट. गूगलचं मार्गदर्शनही हेच सांगतं.

या पुस्तिकेत एक गोष्ट सापडणार नाही, ती म्हणजे तपासणी बंद करून एरर घालवायची युक्ती. स्टेट तपासू नका, सही तपासू नका, टोकन कोणासाठी काढलंय ते बघू नका, असे सल्ले वाऱ्यावर फिरत असतात आणि त्यांनी एरर जातोही. परंतु सुरू करणारा आणि पुरं करणारा एकच आहे ना, हे न बघितल्याने काय होतं ते २००९ मध्येच कळून चुकलंय. जानेवारी २०२५ मध्ये आरएफसी ९७०० ने गेल्या दशकभरातल्या अशा हल्ल्यांचा आणि त्यांवरच्या उपायांचा पाढाच वाचला आहे. लॉगिनचा एरर हा पुष्कळदा यंत्रणा नीट चालल्याची खूण असतो. ज्या तपासणीने तो दिला ती काढून टाकणारा प्रोग्रामर माझ्या मते बिघाड दुरुस्त करत नाही, तो लपवतो.

कधीकधी दोष खरोखरच पलीकडे असतो. १४ डिसेंबर २०२० ला गूगलची ओळख पटवणारी यंत्रणा सुमारे पाऊण तास कोलमडली होती. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास जगाच्या नकाशावरून गायब होतं, आणि त्याच्या बटणावर विसंबलेल्या साइटचे लोकही दाराबाहेर उभे होते. म्हणून एकाच बटणावर सगळी भिस्त ठेवू नये, ईमेलवर दुवा पाठवायची का होईना, दुसरी सोय असावी.

वाचकांना दोन विनंत्या. आपल्या साइटवरचे एररचे निरोप मराठीत लिहा, आणि प्रत्येकाखाली एक क्रमांक छापा जो सर्व्हरच्या लॉगमध्येही सापडेल. मूळ कारण लॉगमध्ये राहू द्या, पण टोकन, कोड आणि सीक्रेट तिथे कधीही छापू नका. दुसरी विनंती या पुस्तिकेपुरती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी ब्राउझरचं नेटवर्क टॅब उघडा आणि 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा. ती नसेल तर पान दुसऱ्या पत्त्यावर गेलं की मागची नोंद पुसली जाते, आणि या विषयात बघण्यासारखं जे काही असतं ते बहुतेक त्या पुसलेल्या भागात असतं.